गुरुवारच्या प्रार्थनेत निसटलेलं नाव

जबलपूरच्या रांझीतल्या बायका विनताबाईंकडे ब्लाउज शिवायला जात. निदान घरी तसं सांगून जात. खरं म्हणजे निम्म्या जणी बोलायला जात, कापड हे नुसतं निमित्त. घराची पुढची खोली, तिच्यात मशीन, भिंतीला आरसा, दाराला पडदा. मापाची पट्टी बाईंच्या गळ्यात आणि टाचण्या तोंडात. तोंडात टाचण्या धरलेलं माणूस मध्येच सल्ला देत नाही आणि "आमच्या वेळी तर" म्हणून स्वतःचं सुरू करत नाही. त्यामुळे समोरची बाई हात वर करून उभी राहायची आणि मापं होईस्तोवर सासूपासून दिरापर्यंत सगळं ओकून मोकळी व्हायची. एकोणतीस वर्षं हे असंच चाललं होतं.

बाई मूळच्या नागपूरच्या. लग्न होऊन जबलपूरला आल्या तेव्हा नवरा अनुपम कारखान्यात फिटर होता. तो नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलगा गौरांग पुण्याला असतो, आईचं मराठी ऐकतो आणि हिंदीत उत्तर देतो. बाई एकट्याच. पण एका गोष्टीचा त्यांना मनातून फार आनंद होता, बोलून दाखवत नसत एवढंच. आपल्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही, हे सगळ्या रांझीला ठाऊक आहे, याचा तो आनंद. आता आनंद कसला, गर्वच तो. ख्रिस्ती बाईनं गर्व धरू नये म्हणतात, पण हा गर्व कोणाला दिसत नव्हता म्हणून खपून गेला.

त्यांच्याच चर्चच्या मंडळीतली पूर्णिमा गेल्या वर्षी माप द्यायला आली तेव्हा तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बाईंनी बाही सरकवली आणि तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. दंडावर काळेनिळे वळ होते. नवरा विपुल मारत होता, लग्न झाल्यापासून मारत होता. "मावशी, कोणाला सांगू नका," एवढंच ती म्हणाली. बाईंनी नाही सांगितलं. आठ महिने नाही सांगितलं, आणि आठ महिने पूर्णिमा दर थोड्या दिवसांनी नवे वळ घेऊन येत राहिली. गप्प बसलं म्हणजे आपलं काम झालं असं नसतं, हे त्यांना फार उशिरा कळलं.

कळलं तेव्हा मात्र त्या उठल्या. डिसेंबरात एका सकाळी पूर्णिमा आणि तिची चार वर्षांची नेहा, दोघींना एका पिशवीनिशी त्यांनी शहराबाहेर पनागरला नेऊन सोडलं. तिथं राधाबाई राहायची. ती पूर्वी एका शाळेत आया होती, आता भावाच्या मटरच्या वावराला लागून तिच्या दोन खोल्या होत्या. अपूर्वा नावाच्या एका वकीलबाई गाठल्या. त्यांनी कागद तयार केले आणि बजावून सांगितलं, "बारा जानेवारीला सोमवारी कोर्टात अर्ज लागेल. तोपर्यंत ही कुठं आहे ते कोणाला कळता कामा नये." कारणही तसंच होतं. दिवाळीत भांडण झालं तेव्हा विपुलनं नेहाला उचलून कुठल्याशा मित्राकडे नेऊन ठेवलं होतं, आणि आईला बारा दिवस पोरगी दिसली नव्हती. पुन्हा तसं झालं तर पूर्णिमा लेकरापायी मुकाट परत त्याच घरात जाणार, हे तीही जाणून होती आणि तोही.

म्हणजे पनागर हे नाव चार बायकांना ठाऊक होतं. पूर्णिमा, राधाबाई, वकीलबाई आणि विनताबाई.

आता गुरुवारचं सांगायला हवं. रविवारची उपासना हिंदीत होते. मराठीत प्रभूशी बोलायचं तर गुरुवारी दुपारी, कोणाच्या तरी घरी, महिलांची प्रार्थना. दहा-बारा बायका, शेवटी चहा-पोहे. प्रार्थनेआधी प्रत्येकीनं विषय सांगायचा, असा रिवाज. कोणाचं ऑपरेशन, कोणाच्या मुलाची परीक्षा. रिवाज चांगलाच आहे, पण त्याचं काय होतं ते सांगू का? जे चहाबरोबर बोलायची लाज वाटते, ते विषय म्हणून खुशाल बोलता येतं.

आठ तारखेची प्रार्थना बेबीताईंच्या घरी होती. बेबीताई म्हणजे विपुलची सख्खी आत्या. आणि या बेबीताईंच्या कानावर सकाळी पडलेलं दुपारपर्यंत पार शहरातल्या कमानिया गेटच्या दुकानांपर्यंत पोचतं, अशी त्यांची ख्याती. विनताबाईंना जायचं नव्हतं. पण न जावं तर "आज काहून नाही आल्या?" सुरू होणार, म्हणून गेल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या.

विषय सुरू झाले. दोन-तीन सरळ विषय झाल्यावर प्रतिमाबाईंनी पदर सारखा केला.

"आपल्या पूर्णिमासाठी प्रार्थना करायला पाहिजे जी. महिना होत आला, कुठं गेली, कोणासोबत गेली, काही पत्ता नाही."

"कोणासोबत म्हणजे?" कोणीतरी विचारलं.

"मी काही म्हणून नाही राहिली. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगून राहिली."

दोघी-तिघींनी च्-च् केलं. एकीनं "विपुल किती वाळला, खराब झाला बिचारा" म्हटलं. विनताबाईंची कानशिलं तापली. बिचारा म्हणे. ओठ घट्ट दाबून त्या खाली फरशीकडे बघत राहिल्या. बेबीताई काही बोलल्या नाहीत, आणि ते बाईंना जास्तच जड गेलं.

मग डोळे मिटले. एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करत गेली आणि बाईंची पाळी आली. मनात राग होता. पण देवापुढे राग फार वेळ धरता येत नाही, तो विरघळायला लागतो आणि मग रडू येतं. तसंच झालं. चाळीस वर्षांची सवय होती त्यांना, डोळे मिटले की खोलीत आपण आणि तो, तिसरं कोणी नाही.

"प्रभू, ती कोणासोबत गेली नाही, हे तुला ठाऊक आहे. तिच्या अंगावरचे वळ तू पाहिलेस. मीही पाहिले आणि आठ महिने गप्प राहिले, मला क्षमा कर. तिला आणि त्या लेकराला राधाबाईच्या घरी सांभाळ. पनागरला थंडी फार आहे, नेहाची छाती भरते..."

आणि जीभ जागीच थांबली.

कोणी डोळे उघडले नाहीत. कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. बाईंना वाटलं, आपण हे मनात म्हटलं असेल, मोठ्यानं नसेल. पण खोलीत जी शांतता पसरली होती ती प्रार्थनेची नव्हती. तेवढ्यात आत स्वयंपाकघरात फोन वाजला. बेबीताईंची खुर्ची सरकली. चालू प्रार्थनेतून कोणी उठत नाही, बेबीताई उठल्या. आणि आतून त्यांचा दबका आवाज आला, "हां विपुल, बोल बेटा."

पुढच्या बाईनं कशीबशी प्रार्थना पुरी करून आमेन म्हटलं. पोहे आले. पनागरचं कोणी नावही काढलं नाही. सगळ्या मटर किती स्वस्त झाले ते बोलत होत्या. विनताबाईंनी बशी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि रस्त्यावर आल्या.

पूर्णिमाचा फोन बंदच असायचा, वकीलबाईंनीच बंद ठेवायला सांगितलं होतं. राधाबाईचा वाजत राहिला, कोणी उचलेना. ती वावरात असणार. वकीलबाई कोर्टात. दुपारचे तीन वाजले होते. बाईंनी ऑटो थांबवला, आधारतालला उतरून पनागरची बस धरली.

बस निघेना. कंडक्टर "चलो पनागर, चलो पनागर" असं इतक्या मोठ्यानं ओरडत होता की बाईंना त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मग निघाली तर वाटेत दहा ठिकाणी थांबली. खिडकीतून दिसणारी प्रत्येक काळी मोटरसायकल त्यांना विपुलची वाटत होती. एक तर बराच वेळ बसच्या बाजूनंच चालली होती. चालवणाऱ्यानं हेल्मेट घातलेलं, चेहरा दिसत नाही. तो पुढं निघून गेला तेव्हा मागं दुधाच्या किटल्या दिसल्या.

आणि या सगळ्यात मन काय करत होतं? लाज वाटेल असं काम करत होतं. पूर्णिमाला काय सांगायचं, ते जुळवत होतं. विपुलला कुठूनतरी कुणकुण लागली. रांझीत बोलून राहिले लोक. कोणीतरी तुला बाजारात पाहिलं म्हणे. एकाहून एक चांगली वाक्यं सुचत होती. त्यांतलं एकही अगदी खोटं नव्हतं, आणि एकातही विनताबाई नव्हत्या. प्रभू, मला यातून सोडव, असं त्या मनात म्हणाल्या. या वेळी अगदी मनातच.

राधाबाईच्या अंगणात पूर्णिमा मटर सोलत बसली होती. नेहा शेजारी, दाणे कमी आणि खाणं जास्त. बाईंना पाहून पूर्णिमा हसली. महिन्याभरात तिच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं.

"मावशी? आज कशा काय आल्या?"

"पूर्णिमा, इथून निघावं लागेल. आत्ताच. विपुलला कळेल असं वाटतं."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोणी सांगितलं?"

सगळी जुळवलेली वाक्यं तोंडाशी आली. बाईंनी ती गिळली.

"मी सांगितलं. गुरुवारच्या प्रार्थनेत. तुझ्यासाठी प्रार्थना करताना नाव निघून गेलं. राधाबाईचं पण, पनागरचं पण. अकरा जणी होत्या. बेबीताईच्याच घरी."

पूर्णिमानं हातातली शेंग खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्हाला सांगितलं म्हणजे भिंतीला सांगितलं. भिंतीनं प्रार्थना तरी नसती केली."

बाईंनी आतून पिशवी आणली. रडल्या नाहीत, कारण रडलं असतं तर पूर्णिमाला त्यांची समजूत काढावी लागली असती. पण गप्प राहायचं तर पुरतं राहावं की नाही? पिशवी भरायला मदत करताना त्या बोलून गेल्या, "बेबीताईनं त्याला सांगितलंच असणार. माझ्यासमोर फोनवर होती. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही." हे बोलताना जीव थोडा हलका झाला, आणि जीव हलका का झाला ते तेव्हा त्यांना कळलं नाही.

राधाबाई वावरातून आली, तिनं ऐकलं आणि कोणाला बोल न लावता म्हणाली, "मेरी ननद के यहाँ..."

"थांबा," बाईंनी तिला अडवलं. "मी बाहेर जाते. कुठं नेता आहात ते मला कळू देऊ नका."

त्या मटरच्या वाफ्यांत जाऊन रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. भाजीचा टेम्पो आला, थांबला. नेहाचा आवाज आला, "आजी नहीं आएगी?" उत्तर ऐकू आलं नाही. टेम्पो निघाला तेव्हा तो डावीकडे वळला की उजवीकडे, हे समजू नये म्हणून बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. साठीची बाई, भर वावरात कान झाकून उभी. कोणी पाहिलं असतं तर वेडी म्हटलं असतं.

शनिवारी सकाळी राधाबाईचा फोन आला. मोटरसायकलवर दोघे जण आले होते, एक विपुल. दोन्ही खोल्या धुंडाळल्या, आरडाओरडा केला, गेले.

म्हणजे कळलंच होतं. बाई मशीनवर बसल्या, पण त्या दिवशी त्यांनी एक बाही उलटी लावली आणि एक ब्लाउज दोन इंचांनी आखूड कापला. अकराला प्रतिमाबाई आल्या. हातात कापडही नव्हतं.

"विपुल पनागरला जाऊन आला म्हणे. बेबीताईनंच सांगितलं असेल, नाही?"

हो म्हणणं किती सोपं होतं. एक हो, आणि गुरुवारची सगळी लाज बेबीताईंच्या दारात जाऊन पडली असती. विनताबाईंना आता कळलं, परवा जीव का हलका झाला होता. "मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. प्रतिमाबाई अजून थोडं थांबल्या, मग गेल्या.

संध्याकाळी बेबीताई स्वतः आल्या. "सलाम विनता," असं मंडळीतल्या रिवाजानं म्हणाल्या आणि न विचारता स्टुलावर बसल्या.

"पोचली का ती नीट?"

"मला माहीत नाही. खरंच नाही माहीत."

"बरं झालं." बेबीताई गुडघे चोळत राहिल्या. "तुला वाटून राहिलं असेल, मी सांगितलं. त्याचा फोन होता, विचारत होता काही कळलं का. मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं कोणाला नाही सांगितलं."

"मग तो पनागरला कसा गेला?"

"अकरा जणी होतो गं आपण."

खरं की खोटं? चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाईंना एवढंच कळलं की त्या स्वतः जे बोलल्या होत्या ते मात्र खरं होतं आणि ते सांगायला हवं.

"बेबीताई, मी पूर्णिमाला म्हटलं की तूच सांगितलं असणार."

"तिनं मानलं?"

"मानलं."

"मानणारच." बेबीताईंनी उठून दाराचा पडदा नीट ओढला. मग म्हणाल्या, "विपुलच्या आईचा हात मोडला होता, आठवतं? न्हाणीत घसरली म्हणून सांगितलं सगळ्यांना. मीच सांगितलं. मी दारात उभी होती, विनता. माझ्या भावानं तो मोडला, माझ्यासमोर. आणि हा विपुल पाच वर्षांचा, तिथंच उभा. सगळ्या दुनियेचं बोलली मी, तेवढं एक नाही बोलली. भावाचं घर ना. त्या वकीलबाईकडे घेऊन चल मला. तिला लिहून देते."

हे खरं असेल तर पूर्णिमाला केवढा आधार. आणि विपुलनंच आत्याला पाठवलं असेल, कोर्टाची तारीख काढून घ्यायला, तर? एकदा चुकलेलं माणूस दुसऱ्यांदा कोणत्या तोंडानं विश्वास ठेवणार? त्यांनी तारीख सांगितली नाही. "वकीलबाईंना विचारून कळवते," म्हणाल्या. बेबीताईंनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, घेऊन या, सोमवारी दहाला, माझ्या टेबलाशी. पूर्णिमाला आधी कळवायची सोय नव्हती, तिचा फोन बंद. रविवारभर विनताबाई उठत होत्या, बसत होत्या, उपासनेत तिसऱ्या गीताला उभं राहायचं विसरल्या. प्रार्थना एकच होती आणि ती त्यांनी ओठ न हलवता केली.

सोमवारी कोर्टाच्या आवारात टेबलांची रांग, टाइप करणाऱ्यांची खटखट, चहावाले, काळे कोट. पूर्णिमा नेहाला कडेवर घेऊन आधीच उभी होती. तिनं विनताबाईंना पाहिलं. मग त्यांच्या शेजारी कोण आहे ते पाहिलं. नेहाला छातीशी दाबून ती मागं सरकली, आणि तिची पाठ भिंतीला लागली.

विनताबाई समजावून सांगायला गेल्या तर काय सांगणार, माझ्यावर विश्वास ठेव? बेबीताईच पुढं झाल्या. आवाज त्यांचा नेहमीचाच, चार टेबलांपलीकडे जाणारा.

"तुझ्या सासूचा हात तुझ्या सासऱ्यानं मोडला होता. मी पाहिलंय. आत जाऊन लिहून देते, मग कोणी काही म्हणो. तू घाबरू नको पोरी."

आजूबाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. वकीलबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "चला, वेळ झाली. लहान मुलीला बाहेर ठेवा."

पूर्णिमा हलली नाही. फाटकातून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांवर तिची नजर फिरत राहिली. विपुल कुठं दिसत नव्हता, पण त्याचा काय भरवसा. तिनं बेबीताईंकडे पाहिलं. वकीलबाईंकडे पाहिलं. मग दोन पावलं चालत ती विनताबाईंपाशी आली. त्यांच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही. नेहाला कडेवरून उतरवलं आणि तिचा हात बाईंच्या हातात दिला.

त्या तिघी आत गेल्या. विनताबाईंनी नेहाला मांडीवर घेतलं, भिंतीला पाठ लावून बाकावर बसल्या, आणि दार उघडेपर्यंत त्यांनी फाटकावरची नजर काढली नाही.